यांचे शब्द जाऊ लागले ते वर्ष

रविवार, ११ फेब्रुवारी २०२४. बिलोली

आज चर्चमध्ये उपासनेला चाळीसेक माणसं होती. हे मेंढपाळावर बोलले. चोवीस वर्षं पाळकाची बायको म्हणून पहिल्या बाकावर बसतेय, या विषयावरचे यांचे उपदेश मला तोंडपाठ झालेत, म्हणून जरा पेंगतच होते. मध्येच हे थांबले. "मेंढपाळ शोधायला निघाला. कशाला शोधायला? त्या... लोकरीच्या, चार पायांच्या..." असं म्हणून पोरांकडं हात केला. पोरं एका सुरात "मेंढरू" म्हणाली. सगळे हसले. मलाही बरं वाटलं. पन्नाशी उलटली तरी माणूस शिकवायच्या नव्या तऱ्हा शोधतोय.

घरी आल्यावर तसं बोलून दाखवलं, तर माझ्याकडं नुसतं पाहिलं आणि गूळ मागितला. हल्ली जेवणावर गूळ लागतोच. आज तीन खडे खाल्ले.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

लिहायची इच्छा नाही, पण कोणाशी बोलू.

रत्नम्माचा थोरला मुलगा परवा छातीत दुखून गेला. रत्नम्मा म्हणजे आमच्या चर्चच्या मंडळीतली सगळ्यात म्हातारी बाई, देगलूरकडची. आम्ही इथं नवीन आलो तेव्हा पहिला महिनाभर तिच्याच घरचं जेवलो. आज दफन होतं. माती टाकायला सुरुवात झाली तेव्हा कोणाची तरी शेळी ढिगाऱ्यावर चढली आणि घसरली. हे हसले. मनातल्या मनात नाही, मोठ्यानं. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला विचारलं, "जेवण आहे का इथं?"

दोन बायकांनी रत्नम्माला धरलं होतं. तिनं मान वर करून यांच्याकडं पाहिलं आणि परत खाली घातली.

घरी आल्यावर मी नको नको ते बोलले. "लाज कशी वाटली नाही तुम्हाला?" म्हणाले, "भूक लागली होती." बस, एवढंच. मंडळीत कोणाकडं मयत झाली की दफन होईपर्यंत घोटभर पाणी न घेणारा हा माणूस.

शुक्रवार, २९ मार्च. उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे)

तीन तासांची उपासना. येशूच्या क्रुसावरच्या सात वचनांवर सात उपदेश असतात. पहिले तीन झाले. गीत झालं. हे उठले आणि तिसरंच वचन पुन्हा घेतलं, शब्दही तेच. लोक एकमेकांकडं बघायला लागले. तेव्हा रामकिशन काका पुढं गेले, यांच्या खांद्यावर हात ठेवून खुर्चीवर बसवलं आणि उरलेली चारही वचनं स्वतः घेतली. रामकिशन काका मंडळीचे सचिव, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले मास्तर. खिशातून वही काढून बोलत होते. म्हणजे चारही उपदेश घरून लिहून आणले होते. केव्हाची तयारी असेल ही? यांची जागा घ्यायची घाई झालीय त्यांना, दुसरं काय.

यांना काहीच वाटलेलं दिसलं नाही. खुर्चीवर बसून पायानं ताल धरत होते.

रविवार, ७ एप्रिल

आज प्रभुभोजनाचा रविवार. मंडळीला प्रसादासारखे वाटायचे भाकरीचे तुकडे मी सकाळीच करून ताटलीत ठेवले होते, पन्नास. यांनी प्रार्थना म्हटली, निम्मी. मग एक तुकडा तोंडात टाकला. मग दुसरा. मग तिथंच वेदीपाशी उभं राहून सगळे खाल्ले. लोक गुडघे टेकून, हात पुढं करून थांबले होते. नुसता चावायचा आवाज येत होता. शेवटी यांनी बोटानं ताटली पुसली आणि बोट चाटलं.

रामकिशन काकांनी मंडळीला उभं राहायला सांगितलं आणि एक गीत सुरू केलं. मी बाजूच्या दारानं घरी आले.

बुधवार, १० एप्रिल

माझ्या अंगणवाडीत वजनं घ्यायचा दिवस होता. दोन पोरांची वजनं मी एकमेकांच्या नावावर टाकली. भामाबाई माझी मदतनीस, ती खिचडी ढवळता ढवळता म्हणाली, "मॅडम, साहेबाला बरं न्हाई का?" मी म्हटलं, चांगले आहेत. तिला काय सांगणार? अंगाला काही झालं असतं तर सांगितलं असतं. यांच्या मनात काहीतरी झालंय. यांनी देवाकडं पाठ केलीय. पवित्र वस्तूचा मान राहिला नाही, दुसऱ्याच्या दुःखाचं काही वाटत नाही, प्रार्थनेला बसवलं तर उठून जातात. असा माणूस आतून रिकामा झालेला असतो, असं हेच आम्हाला शिकवायचे.

आणि एक गोष्ट आहे जी मी कोणाला सांगितलेली नाही. दोन वर्षांपूर्वी हे फार कडक वागायचे. भाजीत मीठ कमी पडलं तरी दिवसभर बोलायचे नाहीत. बाहेर सगळ्यांना प्रेम आणि घरात नियम. तेव्हा मी एकदा स्वयंपाकघरात उभी राहून देवाला म्हटलं होतं, याचा ताठा मोड, मग मला काहीही चालेल. अगदी असेच शब्द. आता हे मिठाबद्दल चकार शब्द काढत नाहीत. काहीही वाढा, खातात. देवानं ऐकलं की काय माझं? असं ऐकतो का तो?

रविवार, २१ एप्रिल

यांच्यासाठी मंडळीनं तीन दिवस उपास ठेवला. कोणीतरी नांदेडहून एका प्रचारकाला बोलावलं. त्यानं यांना मध्ये बसवलं, डोक्यावर हात दाबला आणि कानाशी ओरडून आत्म्याला निघून जायची आज्ञा केली. तासभर. यांनी पहिल्यांदा कान झाकले. मग त्याच्या हातातलं घड्याळ न्याहाळत बसले. प्रचारक मला म्हणाला, "बाई, तुमच्या घरात पश्चात्ताप राहिलाय." मी यांचे हात धरून म्हटलं, "अहो, जे काय असेल ते देवाला सांगून टाका ना." यांनी माझे हात सोडवले आणि म्हणाले, "चहा."

मी सगळं होऊ दिलं. तासभर एकदाही थांबा म्हटलं नाही.

मंगळवार, १४ मे

साक्षी लातूरहून सुट्टीवर आलीय. नर्सिंगचं तिसरं वर्ष. आल्यापासून बापाकडं नुसती टक लावून बघत होती. आज दुपारी तिनं टेबलावर काही वस्तू मांडल्या आणि एकेक उचलून विचारायला लागली, "पप्पा, हे काय?" चावीला म्हणाले, "लोखंड." बॅटरी हातात घेऊन उलटीपालटी केली आणि ठेवून दिली. कंगवा बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "याला दात आहेत." साक्षीनं विचारलं, "कशाला वापरतात?" हे हसले.

मला राग आला. म्हटलं, "बापाची परीक्षा घेतेस? हा त्यांचा आणि प्रभूचा झगडा आहे. त्यात आपण पडायचं नाही."

"मम्मी, झगडा असू दे. आधी डॉक्टरला दाखवू."

"डॉक्टर काय विश्वास परत आणून देणार आहे?"

ती वस्तू गोळा करत होती. खाली मान घालून म्हणाली, "कंगव्याचा आणि विश्वासाचा काय संबंध आहे, मम्मी?"

ती भांडी घासायला गेली आणि नळ सोडून रडली. मला ऐकू आलं.

शुक्रवार, १४ जून. लातूर

मेंदूचे डॉक्टर. फोटो काढायच्या त्या मशीनमध्ये यांना घालताना साक्षी पाय धरून उभी होती. रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी पडद्यावर चित्र दाखवलं. म्हणाले, मेंदूचा पुढचा आणि कानाजवळचा भाग सुकत चाललाय. वस्तूंचे अर्थ, माणसांचे चेहरे, कुठं कसं वागायचं, हे सगळं तिथं असतं. गोड खायचा हट्टसुद्धा यातलाच. सुरुवात दोन-अडीच वर्षांपूर्वी झाली असावी. थांबवायचं औषध नाही.

दोन-अडीच वर्षं. मी बोटांवर मोजलं. मिठावरून अबोला धरायचे, तेव्हापासून.

मी विचारलं, "डॉक्टर, मग यांनी देवाला सोडलेलं नाही?"

त्यांना प्रश्न कळला नसावा. साक्षीनं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "ताई, हा आजार आहे. त्यांनी मुद्दाम काहीच केलेलं नाही."

"पुढं प्रार्थना तरी समजेल का त्यांना?"

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ते मला सांगता येणार नाही."

बाहेर बाकावर हे बिस्किटं खात होते. मी शेजारी बसले. पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं, पाप नाही म्हणून. मग ते वाटल्याची लाज वाटली. चार महिने मी एका आजारी माणसाला पश्चात्ताप करा, पश्चात्ताप करा म्हणत होते.

रविवार, १६ जून

रामकिशन काकांना रिपोर्ट दाखवला. पूर्ण वाचला. म्हणाले, "मला वाटलंच होतं, ताई. माझ्या मोठ्या भावाचं असंच झालं. पन तुम्हाला कसं सांगू, धीर होईना." मग म्हणाले, "जानेवारीपासून मी दर आठवड्याला एक उपदेश लिहून ठेवून राहिलो. न जाणो, मध्येच बंद पडले तर. लोकायसमोर त्यांची फजिती व्हायला नको."

मी चहा टाकते म्हणून आत गेले. चहा उतू गेला.

मंगळवार, २३ जुलै

रत्नम्मा आली. दफनापासून आमच्या घरी तिचं पहिलं पाऊल. सोबत टोमॅटोची पचडी आणि मऊ भात. यांना स्वतःच्या हातानं भरवला. मी तिच्या पाया पडायला वाकले तर म्हणाली, "उठ अम्मा, उठ. राग आलता मला, लई आलता. बिमार हाय म्हणून कळलं आन् सगळा गेला. बिमारावर कसला राग?"

मग ती यांच्या डोक्याला तेल लावत बसली. मी तिला विचारलं, कारण दुसऱ्या कोणाला विचारायची सोय नाही. पाळकाच्या बायकोनं असं विचारायचं नसतं. "रत्नम्मा, पोरगा गेल्यावर तुझा देवावर भरवसा कसा राहिला?"

"न्हाई ऱ्हात रोज," ती म्हणाली. "मंगळवारी असतोय, बुधवारी नसतोय. नसला तरी चर्चला जाते. तिथं दुसऱ्यायचा असतोय ना. त्येंच्यात बसते."

आज तिचा मंगळवार होता बहुतेक. माझा कुठलाच वार नाही. मी गुडघे टेकते आणि भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. खरं भय वेगळंच आहे. ज्या माणसानं मला देव ओळखायला शिकवलं, तोच त्याला विसरणार. मग देव काय करणार? यांच्याकडून उत्तर आलं नाही म्हणून हाक मारायचं बंद करणार? रविवारी चर्चमध्ये क्रुसाकडं बोट दाखवून यांनी मला विचारलं, "ते काय आहे?" मी सांगितलं. "बरं," म्हणाले.

गुरुवार, २९ ऑगस्ट

वरिष्ठांचं पत्र आलं. यांना आजारपणामुळं सेवेतून निवृत्त केलंय. डिसेंबरात नवा पाळक येईल, त्याआधी पाळकाचं घर रिकामं करायचं. पत्र रामकिशन काका घेऊन आले. म्हणाले, आधी बडतर्फीची भाषा चालली होती, प्रभुभोजनाच्या प्रकारावरून. काका स्वतः डॉक्टरचा रिपोर्ट घेऊन दोनदा नांदेडला गेले, तेव्हा कुठं शब्द बदलला. घर सोडायचं पत्र तेच घेऊन आले म्हणून त्यांच्याशी भांडायचं ठरवून मी दारात उभी होते. भांडायला काहीच उरलं नाही.

साक्षी म्हणते लातूरला चला, माझ्या कॉलेजजवळ खोली घेऊ. अंगणवाडी सोडावी लागेल. एकोणीस वर्षं झाली मला तिथं.

शनिवार, ५ ऑक्टोबर

हे घरात नाहीत. अंगणवाडीतून एक वाजता आले तर दार उघडं. रोज कडी लावून कुलूप घालते. आज घातलं होतं की नाही आठवत नाही. देवा, आठवत नाही.

चर्च, कबरस्तान, कुंडलवाडीच्या रस्त्यापर्यंत सगळं पाहिलं. पानवाला म्हणतो, पांढऱ्या शर्टातले साहेब नांदेडच्या एसटीत चढताना दिसले. त्याला वाटलं, कामाला चाललेत.

रविवार, ६ ऑक्टोबर

पोलिसांत लिहून दिलं. नांदेडच्या स्टँडवर सकाळपासून फोटो दाखवत फिरले. नवरात्राची गर्दी, माहूरच्या जादा गाड्या लागलेल्या, कोणाला कोण आठवणार. साक्षी रेल्वे स्टेशनवर. रामकिशन काका उपासना घेऊन दुपारी आले, ते दवाखाने बघत फिरले.

यांना तहान लागली तर पाणी मागता येईल का? पाणी हा शब्द अजून आहे की गेला, हे मला माहीत नाही. बायको आहे मी, आणि मला माहीत नाही.

प्रार्थना: सापडू दे. दुसरे शब्द नाहीत.

सोमवार, ७ ऑक्टोबर

काही नाही. बिलोलीला परत आले. कोणी घरी आलं तर म्हणून. देवाला विचारलं, तू आहेस तरी कुठं? परवापासून तेच विचारतेय. गप्प आहे.

संध्याकाळी साडेपाचला फोन आला. एक पुरुष. "ताई, तुमचं कुणी हरवलंय का? पांढरा शर्ट, उंच हायेत, बोलत न्हाईत जास्त." मी पत्ता लिहून घेतला. माहूरला आहेत. ठीक आहेत. उद्या पहाटे निघायचं.

मंगळवार, ८ ऑक्टोबर. माहूरहून परत

सगळं लिहून ठेवते.

मी, साक्षी आणि रामकिशन काका, त्यांच्या पुतण्याच्या जीपमधून. माहूरला गडाखालच्या एका भक्तनिवासात हे होते. फोन केलेला माणूस बाहेरच उभा होता. गुरुबसप्पा, निलंग्याकडचे शेतकरी, बायको महादेवीबरोबर देवीच्या दर्शनाला आलेले. शनिवारी संध्याकाळी हे त्यांना पायऱ्यांवर बसलेले दिसले. पायात चप्पल नाही. महादेवीबाई म्हणाल्या, "येनारी जानारी मान्सं वलांडून जाऊन राहिली होती. म्या इचारलं, दादा कुठले? तर म्हनाले, बरं."

साक्षीनं ऑगस्टात यांच्या प्रत्येक शर्टाच्या कॉलरला आतून माझा फोन नंबर लिहिला होता. धुऊन धुऊन शेवटचा आकडा पुसट झालेला. रविवारी शर्ट धुताना तो दिसला आणि गुरुबसप्पांनी शून्यापासून एकेक आकडा घालून बघितला. कोणी उचललं नाही, कोणी शिव्या दिल्या, एक नंबर बंद लागला. मध्ये त्यांचा फोन उतरला तो चार्ज करायला दिवस गेला. आठव्या खेपेला मी उचलला.

"तुम्ही कधी परतणार होता?" रामकिशन काकांनी विचारलं.

"रविवारीच. सोयाबीन काढायला आलंय," गुरुबसप्पा म्हणाले. "पन मानूस असा टाकून कसं जावं? पोलीस चौकीत सांगितलं तर म्हनले इथंच बसवून ठेवा. गर्दीत तिथं यांना कोन बघनार? म्हनून ठेवून घेतलं आमच्याजवळच."

आत हे चटईवर बसले होते. शर्ट धुतलेला, पाय धुतलेले, टाचेच्या जखमेला हळद लावलेली. महादेवीबाईंनी पुरणपोळी दुधात कुस्करून दिली होती ती खात होते. कपाळाला विभूती. साक्षीनं "पप्पा" म्हणून मिठी मारली. यांनी वाटी जपून बाजूला धरली, सांडू नये म्हणून.

महादेवीबाईंचं लक्ष साक्षीच्या गळ्यातल्या क्रुसाकडं गेलं. त्या चपापल्या. "आम्हाला ठावं न्हवतं. समद्यांना लावली तशी यांना बी इभूत लावली. राग मानू नका."

रामकिशन काकांनी रुमाल काढून तांब्यात भिजवला. मला वाटलं, आता कपाळ पुसतील. मंडळीचे सचिव आहेत, फार कडक माणूस. ते गुडघ्यावर बसले आणि यांच्या हनुवटीवरचं पुरण पुसलं. रुमाल घडी करून खिशात ठेवला. कपाळाला हात लावला नाही.

निघताना मी महादेवीबाईंचे हात धरले. त्या म्हणाल्या, "रातच्याला घाबरत्यात थोडं. डोक्यावरून हात फिरवला की झोपत्यात."

जीपमध्ये हे माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपले. विभूती माझ्या पदराला लागली. साक्षी आणि काका देवाचे उपकार मानत होते. मी मानले नाहीत. तीन दिवस मी त्याला हाका मारल्या आणि त्यानं एक शब्द दिला नाही. ही दोन माणसं भेटली नसती तर? हेच डोक्यात फिरत राहिलं. अजून फिरतंय.

रविवार, २० ऑक्टोबर

मंडळीत कुजबूज. पाळक देवीच्या गडावर गेले, विभूती लावून आले. एकानं उपासनेनंतर उभं राहून विचारलंच, याची शुद्धी कशी करायची? रामकिशन काका म्हणाले, "ज्यायनं आपल्या पास्टरचे पाय धुतले, त्यायची नावं मी प्रार्थनेच्या यादीत घातली हायेत. दर रविवारी वाचीन. कोणाला अडचण असली तर मला घरी येऊन भेटा." कोणी भेटायला गेलं नाही, असं रत्नम्मा सांगत होती.

शनिवार, ३० नोव्हेंबर. लातूर

सामान आलं. एक खोली, मोरी, वर पत्रे. समोर किराणा दुकान. खिडकीतून साक्षीच्या हॉस्टेलची टाकी दिसते. बिलोलीत शेवटच्या दिवशी भामाबाईनं अंगणवाडीच्या पोरांना रांगेत उभं करून मला टाटा करायला लावला. नवा पाळक आधीच घर बघायला आला होता. तरुण आहे, चांगला वाटला. त्यानं यांना नमस्कार केला तर हे त्याच्या खिशातलं पेन घ्यायला लागले. त्यानं देऊन टाकलं.

इथं अजून चर्चला गेले नाही. यांना घेऊन कुठं बसू? आणि खरं सांगायचं तर माझ्याकडं देवाशी बोलण्यासारखं काही नाही. भांडणसुद्धा संपलंय. रत्नम्माचा तो बुधवारच चालू आहे सगळा.

मंगळवार, १० डिसेंबर

आज यांनी मला ओळखलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं चेहरे जातील म्हणून. तरी मी आरशात जाऊन पाहून आले, माझं काही बदललंय का.

गुरुवार, १९ डिसेंबर

दुपारी यांना आंघोळ घातली, स्वच्छ शर्ट घातला, खुर्चीवर खिडकीपाशी बसवलं. ऊन येत होतं. मी समोर खाली बसून भाजी निवडत होते. मेथी. रडत वगैरे नव्हते. नुसती बसले होते, हातातली काडी तशीच धरून, किती वेळ कोण जाणे.

हे माझ्याकडं बघत होते. मग खुर्चीत पुढं सरकले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. मंडळीतल्या लोकांच्या घरी भेटीला गेल्यावर असेच बसायचे. म्हणाले, "बाई, तुम्ही कोणत्या मंडळीच्या?"

किती दिवसांनी पूर्ण वाक्य बोलले. मी म्हटलं, "बिलोलीच्या."

"बरं." "काही अडचण आहे का? काय मागू तुमच्यासाठी?"

गेली चोवीस वर्षं हे दारोदारी हा प्रश्न विचारत फिरले. मला कधी विचारला नव्हता. पाळकाच्या बायकोला कोण विचारतं?

मी भाजी बाजूला ठेवली. म्हटलं, "माझा नवरा आजारी आहे."

"अरेरे," म्हणाले. खरंच वाईट वाटलेलं दिसलं चेहऱ्यावर. "फार आजारी?"

"हो. आणि मला आता झेपत नाही. देव आहे की नाही तेही कळेनासं झालंय."

यांनी मान हलवली, ऐकून घेतल्यासारखी. मग डोळे मिटले. हात माझ्या डोक्याकडं आला, वाटेतच कुठं जायचं ते विसरला आणि हवेत थांबला. मी थोडी पुढं सरकले. ओठ हलत होते. मी वाट बघत होते, एखादा शब्द येईल, निदान सुरुवातीचा. एकही आला नाही. रस्त्यानं भंगारवाला ओरडत गेला. शेजारणीचा कुकर झाला. तरी यांचे डोळे मिटलेलेच, कपाळाला आठ्या, एखादी जड वस्तू उचलताना पडतात तशा.

मग डोळे उघडले. दमले होते.

"झालं," म्हणाले.

मी आमेन म्हटलं.